चालू यंत्राची दुरुस्ती : मेनफ्रेमवरील व्हीएम प्रणाली बसवण्याचा आणि सांभाळण्याचा इतिहास

१. प्रस्तावना

संगणकाचा इतिहास आपण बहुधा शोधांचा इतिहास म्हणून शिकतो. अमुक यंत्र कोणी बनवले, तमुक भाषा कोणत्या वर्षी आली, हे परीक्षेत विचारले जाते आणि म्हणून तेवढेच वाचले जाते. पण एखादी प्रणाली पन्नास वर्षे वापरात राहते, तेव्हा त्यातली शोधाची वर्षे दोन-चारच असतात. उरलेली सगळी वर्षे ती नव्या यंत्रावर बसवण्यात, तिच्यातल्या चुका काढण्यात आणि काम न अडवता तिची पुढची आवृत्ती आणण्यात जातात. या टिपणात आपण त्या उरलेल्या वर्षांचा इतिहास पाहणार आहोत.

या विषयाकडे मी कसा वळलो ते आधी सांगतो. काही वर्षांपूर्वी मी शिकवत असलेल्या महाविद्यालयात प्रयोगशाळेतली बरीच आभासी यंत्रे, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, एकाच सर्व्हरवर चालत होती. प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी आम्ही त्या सर्व्हरच्या मूळ सॉफ्टवेअरला अपडेट दिला आणि तो पुन्हा सुरूच झाला नाही. रात्रभर बसून सगळे नव्याने बसवावे लागले. अपडेट चुकला याचे मला फारसे वाईट वाटले नाही. वाईट याचे वाटले की आधी त्या सर्व्हरवर कोणी काय बदलले होते, हे आमच्यापैकी एकालाही सांगता येईना. कुठे लिहूनच ठेवलेले नव्हते.

पुढे वाचन करताना लक्षात आले की आमची ती अडचण नवी नव्हती. एका यंत्रावर अनेक यंत्रे चालवायची आणि तरीही खालचा पाया दुरुस्त करत राहायचे, हा प्रश्न आयबीएमच्या मेनफ्रेमवर १९६० च्या दशकातच उभा राहिला. त्याची उत्तरे जशी सापडत गेली, तशी व्हीएम नावाची प्रणाली घडत गेली. आज तिचे नाव झेड/व्हीएम आहे.

२. केंब्रिजमधली सुरुवात

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज येथे आयबीएमचे एक छोटे संशोधन केंद्र होते. १९६४ च्या अखेरीस तेथे रॉबर्ट क्रीझी आणि लेस कोमो यांनी एका प्रयोगाला सुरुवात केली. सिस्टिम/३६० मॉडेल ४० या यंत्रात पत्ते बदलून देणारे खास हार्डवेअर जोडून त्यांनी सीपी-४० हा कार्यक्रम लिहिला. एका खऱ्या यंत्राची चौदापर्यंत आभासी यंत्रे करायची आणि प्रत्येकाला आपण एकटेच पूर्ण यंत्र वापरत आहोत असे वाटू द्यायचे, ही त्यामागची कल्पना. जानेवारी १९६७ पासून सीपी-४० रोजच्या वापरात आली. प्रत्येक आभासी यंत्रात एकाच व्यक्तीसाठी सीएमएस नावाची छोटी ऑपरेटिंग सिस्टिम चालत असे.

पुढची सीपी-६७ ही मॉडेल ६७ या यंत्रासाठी होती. त्या यंत्रासाठी आयबीएमची अधिकृत प्रणाली टीएसएस/३६० होती, पण तिला विलंब होत होता. त्यामुळे केंब्रिजच्या छोट्या गटाचे काम ग्राहकांना हवेसे वाटू लागले. सीपी-६७ ग्राहकांना मिळाली ती १९६८ मध्ये, कंपनीच्या औपचारिक जबाबदारीशिवाय आणि पूर्ण सोर्स कोडसह. ‘हे घ्या, आहे तसे चालवा, काही बिघडले तर तुमचे तुम्ही पाहा’ असा तो व्यवहार होता.

त्याचा परिणाम लक्षात घ्या. ज्या संस्थेने सीपी-६७ बसवली, तिला दुरुस्ती शिकावीच लागली. सोर्स हाती असल्यामुळे ती शिकणे शक्यही होते. या प्रणालीभोवती पुढे जो जाणकार वापरकर्त्यांचा समुदाय उभा राहिला, त्याचे मूळ या व्यवहारात आहे.

स्वतःच्या हाताने दुरुस्ती करण्यात धोकाही होताच. एमआयटीमधील एका प्रयोगशाळेतला प्रसंग टॉम व्हॅन व्लेक यांनी नोंदवून ठेवला आहे. टर्मिनल हाताळणाऱ्या कोडमध्ये ओळीची लांबी एका बाइटमध्ये मोजली जात होती. नव्या उपकरणासाठी तेथे ओळीची कमाल लांबी वाढवली गेली, पण ती मोजणारी जागा एका बाइटचीच राहिली. एका बाइटमध्ये २५५ च्या पुढचा आकडा मावत नाही. त्या दिवशी प्रणाली सत्तावीस वेळा कोसळली. सीपी-६७ चार-पाच मिनिटांत आपोआप पुन्हा उभी राहत असे, म्हणून सत्तावीसचा आकडा गाठता आला! एका ओळीचा बदल, आणि त्यावर बसलेल्या सगळ्यांचे काम थांबलेले. पाया सामायिक असला की चूकही सामायिक होते.

३. टेपवरून डिस्कवर : व्हीएम/३७० बसवणे

२ ऑगस्ट १९७२ रोजी आयबीएमने व्हीएम/३७० जाहीर केली. त्याच दिवशी सिस्टिम/३७० मालिकेतली आभासी स्मृती असलेली मॉडेल १५८ आणि १६८ ही यंत्रेही जाहीर झाली. आता ही प्रणाली प्रयोगशाळेतली राहिली नाही, कंपनीचे अधिकृत उत्पादन झाली.

ती बसवण्याची रीत आजच्या विद्यार्थ्याला विचित्र वाटेल. ग्राहकाकडे चुंबकीय टेप येत. त्यांतल्या एकीवर ‘स्टार्टर सिस्टिम’ असे. ती डिस्कवर उतरवून यंत्र सुरू केले की तुमच्यासमोर एक कामचलाऊ व्हीएम उभी राही. पण तिला तुमच्या यंत्राची ओळख नसे. तुमच्याकडे किती डिस्क आहेत, प्रिंटर कोणत्या पत्त्यावर आहे, कोणते उपकरण कोणत्या नियंत्रकाला जोडले आहे, ही माहिती डीएमकेआरआयओ नावाच्या असेम्ब्ली भाषेतल्या फाइलमध्ये लिहावी लागे. मग ती फाइल असेम्बल करायची आणि प्रणालीचा गाभा, म्हणजे न्यूक्लियस, नव्याने बांधायचा.

हा गाभा बांधण्याची पद्धत मला वर्गात सांगायला फार आवडते. सगळे असेम्बल झालेले भाग एकामागोमाग एक आभासी कार्ड-पंचावर पाठवले जात. त्यांतून कार्डांचा आभासी गठ्ठा तयार होई. तो गठ्ठा आभासी कार्ड-रीडरमध्ये ठेवायचा आणि त्या रीडरवरून आभासी यंत्र सुरू करायचे. सुरू होताच तो कार्यक्रम स्वतःला डिस्कवर लिहून टाकी. खरे कार्ड एकही नाही, पण रीत सगळी कार्डांची. नवी कल्पना बरेचदा जुन्या सवयींचे कपडे घालून येते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

यातली अडचणही पाहा. एक प्रिंटर वाढवायचा तर फाइल बदला, असेम्बल करा, गाभा बांधा आणि यंत्र बंद करून पुन्हा सुरू करा. पुढे व्हीएम/ईएसएच्या काळात ही माहिती साध्या मजकुराच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये आली आणि प्रिंटरसाठी गाभा बांधण्याची गरज संपली. दिसायला हा किरकोळ बदल, पण यंत्र सांभाळणाऱ्यांच्या किती रात्री त्याने वाचवल्या असतील याची तुम्हीच कल्पना करा.

४. दुरुस्तीची शब्दावली आणि तिची शिस्त

या क्षेत्रातले दोन शब्द तुम्हाला माहीत हवेत. ग्राहकाला चूक सापडली, कंपनीने ती मान्य केली, की तिची अधिकृत नोंद होते. तिला ‘एपार’ म्हणतात. त्या चुकीवर जो उपाय पाठवला जातो तो ‘पीटीएफ’, म्हणजे प्रोग्राम टेम्पररी फिक्स. नावात ‘तात्पुरती’ असले तरी पुढच्या आवृत्तीत मूळ कोडच सुधारून येईपर्यंत ही दुरुस्ती प्रणालीचा भाग बनून राहते.

व्हीएम/३७० मधल्या दुरुस्त्या सोर्सच्या पातळीवर येत. मूळ सोर्स फाइलला हात लावायचा नाही, हा पहिला नियम. त्या काळी सोर्सची प्रत्येक ओळ ऐंशी रकान्यांच्या कार्डाएवढी असे. पहिल्या ७२ रकान्यांत मजकूर आणि ७३ ते ८० या रकान्यांत क्रमांक. बदल करायचा तर वेगळी छोटी फाइल लिहायची : अमुक क्रमांकाची ओळ काढा, तमुक क्रमांकानंतर या दोन ओळी घाला. कोणते बदल कोणत्या क्रमाने लावायचे याची यादी आणखी एका फाइलमध्ये असे. ही यादी खालून वर वाचली जाई. कंपनीचे बदल तळाशी आणि ग्राहकाचे स्वतःचे बदल वरच्या बाजूला, म्हणजे स्वतःचे बदल सर्वांत शेवटी लागत.

तुम्ही गिट वापरत असाल तर हे ओळखीचे वाटेल. गिट २००५ मध्ये आले. त्याच्या तीन दशके आधी व्हीएमचे वापरकर्ते ‘मूळ प्रत अधिक बदलांची क्रमवार यादी’ अशा रीतीने प्रणाली सांभाळत होते. गिटमध्ये होतो तसा संघर्षही तेथे होई. कंपनीच्या नव्या दुरुस्तीने नेमक्या त्याच ओळी बदलल्या ज्यांवर तुमचा बदल अवलंबून होता, तर क्रमांक जुळत नसत आणि तुमचा बदल नव्याने लिहावा लागे. आवृत्ती बदलताना सर्वांत जास्त वेळ या कामात जाई.

या रीतीचे मोल काय? प्रणाली आज कोणत्या स्थितीत आहे या प्रश्नाला नेमके उत्तर देता येई. मूळ आवृत्ती ही, तिच्यावर या क्रमाने हे बदल. यादीतली एक ओळ काढून पुन्हा बांधले की तो बदल मागे घेतला जाई. आमच्या प्रयोगशाळेत त्या रात्री नेमकी हीच यादी नव्हती.

ही विद्या कंपनीच्या पुस्तकांत पूर्ण सापडत नसे. प्रिन्स्टन विद्यापीठातील मेलिंडा व्हेरियन यांनी ती वापरकर्त्यांसाठी सविस्तर लिहून काढली. त्यांच्या टिपणाचे नावच मुळी ‘व्हीएमच्या सर्व्हिसबद्दल आईने तुम्हाला कधीच न सांगितलेल्या गोष्टी’ अशा अर्थाचे होते. दुरुस्तीचे ज्ञान आधी तोंडी चालते, मग कोणीतरी ते कष्टाने कागदावर उतरवते, आणि तेव्हा कुठे ते सर्वांचे होते.

५. पोटातली प्रणाली

आता या इतिहासातल्या सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे येऊ. व्हीएम आभासी यंत्रे देते. आभासी यंत्र खऱ्या यंत्रासारखे वागते. मग त्या आभासी यंत्रात व्हीएमचीच दुसरी प्रत चालवता येईल का?

येते. तिला दुसऱ्या पातळीची व्हीएम म्हणतात. खाली रोजच्या कामाची व्हीएम चालू असते, तिच्यावर शेकडो लोक काम करत असतात, आणि त्याच यंत्रातल्या एका आभासी यंत्रात प्रणाली सांभाळणारा माणूस नव्या दुरुस्तीसह बांधलेली दुसरी व्हीएम सुरू करून पाहत असतो. ती कोसळली तर फक्त ते एक आभासी यंत्र कोसळते. बाकीच्यांना पत्ताही लागत नाही.

सिस्टिम/३७० चा जन्मही या युक्तीच्या आधाराने झाला. नव्या यंत्राच्या सूचना जुन्या मॉडेल ६७ वर नव्हत्या. केंब्रिजच्या गटाने सीपी-६७ मध्ये बदल करून ‘३७०’ जातीची आभासी यंत्रे तयार केली आणि त्यांत ३७० साठी लिहिलेली प्रणाली चालवून पाहिली. आभासी स्मृती असलेले खरे ३७० यंत्र हाती येण्याआधी त्याचे सॉफ्टवेअर तपासले जात होते.

ग्राहकांनाही हेच हवे होते. डॉस ही आयबीएमची छोटी ऑपरेटिंग सिस्टिम सोडून मोठ्या एमव्हीएसवर जायचे असेल, तर पूर्वी दुसरे यंत्र तरी हवे किंवा रात्री यंत्र रिकामे तरी हवे. व्हीएम असेल तर जुनी प्रणाली एका आभासी यंत्रात, नवी दुसऱ्यात. दोन्ही शेजारी शेजारी चालवा, एकेक काम हलवा, जुळले की जुनी बंद करा. अनेक संस्थांनी व्हीएम घेतली ती स्थलांतराचा पूल म्हणून.

या युक्तीच्या मर्यादाही समजून घ्या. दुसऱ्या पातळीवर सगळे हळू चालते, कारण विशेषाधिकाराची प्रत्येक सूचना खालच्या व्हीएमला सांभाळावी लागते, आणि स्मृतीची पाने दोन्ही पातळ्यांवर आतबाहेर होऊ शकतात. त्यामुळे खऱ्या भाराखाली काय होईल हे तेथे पूर्ण दिसत नाही. दुसरा धोका माणसाचा. समोर एकच टर्मिनल, त्यावर दोन पातळ्या, आणि हाती दोन्हीकडचे अधिकार. आतली प्रणाली बंद करण्याची आज्ञा बाहेरच्या प्रणालीला दिली गेली, तर सगळ्यांचे यंत्र बंद! म्हणून अनुभवी माणसे आज्ञा देण्याआधी आपण कोणत्या पातळीवर आहोत हे विचारून घेतात.

६. दुरुस्ती कोणाच्या हाती?

८ फेब्रुवारी १९८३ रोजी आयबीएमने धोरण जाहीर केले की यापुढे सॉफ्टवेअरचे नवे भाग फक्त यंत्रभाषेत मिळतील, सोर्स मिळणार नाही. सगळा सोर्स एका दिवसात बंद झाला नाही. काही जुने भाग पुढेही उघडे राहिले. पण दिशा ठरली. कंपनीच्या बाजूनेही कारणे होती. प्रत्येक ग्राहकाची प्रणाली वेगळी असेल तर चूक नेमकी कोणाच्या कोडची हे ठरवणे कठीण, आणि सोर्स ही व्यापारातली मौल्यवान गोष्ट.

व्हीएमच्या वापरकर्त्यांनी मात्र याला जोरदार विरोध केला. त्यांचा मुद्दा साधा होता. रात्री दोन वाजता यंत्र कोसळले तर सोर्स वाचून आम्ही सकाळपर्यंत उपाय करू शकतो. सोर्स नसेल तर आम्ही फक्त तक्रार नोंदवू शकतो आणि वाट पाहू शकतो. शिवाय व्हीएममधल्या अनेक चांगल्या सुधारणा ग्राहकांनीच करून कंपनीला दिल्या होत्या. वाचता येत नसेल तर सुधारणार कोण?

हा प्रश्न आपल्या देशात पाच वर्षे आधी, वेगळ्या रूपात आला होता. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यानुसार परदेशी कंपन्यांनी आपला हिस्सा ४० टक्क्यांपर्यंत खाली आणावा अशी सरकारची अट होती. आयबीएमने ती मान्य केली नाही आणि १९७८ मध्ये भारतातला कारभार गुंडाळला. पण कंपनी गेली तरी देशभरातल्या कार्यालयांत, विद्यापीठांत, रेल्वेत बसलेली तिची यंत्रे इथेच होती. ती कोण सांभाळणार? ते काम कॉम्प्युटर मेन्टेनन्स कॉर्पोरेशन, म्हणजे सीएमसी, या १९७५ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी कंपनीकडे आले.

सीएमसीच्या नावात ‘देखभाल’ आहे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. दुसऱ्याने बनवलेली यंत्रे चालू ठेवता ठेवता तिथल्या अभियंत्यांनी ती आतून ओळखली. याच कंपनीने पुढे ऐंशीच्या दशकात रेल्वेच्या संगणकीकृत आरक्षणाचे काम केले. अमेरिकेतले व्हीएमचे वापरकर्ते आणि भारतातले हे अभियंते एकमेकांपासून दूर, त्यांची यंत्रे आणि अडचणी वेगळ्या. दोघांचा अनुभव मात्र एकच सांगतो : दुरुस्ती करणारा माणूस यंत्र शिकतो, आणि ज्याला दुरुस्तीची मुभा नाही तो फक्त ते वापरतो.

७. नोंदवही यंत्रातच

सोर्स आटत गेल्यावर दुरुस्त्या तयार यंत्रभाषेतल्या भागांच्या रूपात येऊ लागल्या. आता ओळींचा क्रम सांभाळायचा नव्हता, भागांचे परस्परसंबंध सांभाळायचे होते. हा पीटीएफ लावण्याआधी तो लावलेला हवा, हे दोन एकत्रच लावायला हवेत, हा नवा त्या जुन्याची जागा घेतो. शेकडो पीटीएफ असतील तर हे डोक्यात ठेवणे अशक्य.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला व्हीएम/ईएसएबरोबर व्हीएमएसईएस/ई हे साधन आले. त्याची रीत तीन पायऱ्यांची आहे. पहिली पायरी आवक : आलेली दुरुस्ती ठरलेल्या डिस्कवर उतरवून तिची नोंद करणे. दुसरी पायरी लागू करणे : आवश्यक असलेल्या इतर दुरुस्त्या आहेत का हे तपासून प्रत्येक भागाची कोणती आवृत्ती वापरायची ते ठरवणे. तिसरी पायरी बांधणी : ठरलेल्या भागांतून चालवण्याजोगी प्रणाली तयार करणे. मूळ प्रत, आलेल्या दुरुस्त्या, लागू झाल्याच्या नोंदी आणि ग्राहकाचे स्वतःचे बदल यांना वेगवेगळ्या डिस्क असतात. जुना नियम कायम आहे : मूळ प्रतीला हात लावायचा नाही.

बांधलेली प्रणाली लगेच वापरात जात नाही. सीएमएसची रोजच्या वापराची डिस्क १९० या क्रमांकाची, तर चाचणीची ४९० या क्रमांकाची. दुरुस्ती आधी ४९० वर येते, तेथे तपासली जाते आणि मगच १९० वर उतरवली जाते. आजच्या झेड/व्हीएममध्ये या सगळ्यासाठी दोन मुख्य आज्ञा पुरतात. ‘सर्व्हिस’ ही आज्ञा चाचणीपर्यंत नेते, ‘पुट-टू-प्रॉड’ ही प्रत्यक्ष वापरात आणते. दोन आज्ञांमधली ती जागा मुद्दाम ठेवलेली आहे. तेथे माणसाने थांबून तपासायचे असते.

८. न थांबता बदल

ऑक्टोबर २००० मध्ये नव्या ६४ बिट यंत्रांबरोबर झेड/व्हीएम आली. त्याच सुमारास लिनक्स मेनफ्रेमवर चालू लागले होते आणि व्हीएमला नवे आयुष्य मिळाले. डेव्हिड बॉयस यांनी एका चाचणीत व्हीएमवर एकाच वेळी लिनक्सच्या ४१,४०० प्रती चालवून दाखवल्या. ही चाचणी होती, रोजचा वापर नव्हे. पण तिने प्रश्नाचे आकारमान दाखवले. व्हीएमचा गाभा बदलायचा तर ती बंद करून पुन्हा सुरू करावी लागते, म्हणजे वरची सगळी लिनक्स यंत्रे बंद. पूर्वी रविवारी पहाटे ते खपत असे. चोवीस तास चालणाऱ्या बँकेत रविवारची पहाटही रिकामी नसते.

२०११ मध्ये आलेल्या झेड/व्हीएम ६.२ ने यावर उत्तर दिले. चारपर्यंत झेड/व्हीएम एका गटात बांधता येऊ लागल्या. त्यांच्यात डिस्क आणि वापरकर्त्यांची यादी सामायिक असते. मग चालू असलेले लिनक्स यंत्र एका सदस्यावरून दुसऱ्यावर हलवता येते. त्याची स्मृती पानापानाने पलीकडे पाठवली जाते. पाठवताना जी पाने बदलली ती पुन्हा पाठवली जातात. शेवटी अगदी थोडी उरली की यंत्र क्षणभर थांबवून उरलेली पाने हलवली जातात आणि ते पलीकडे चालू होते. सगळी यंत्रे हलवून झाली की रिकामा झालेला सदस्य निवांतपणे दुरुस्त करायचा, मग पुढचा. गटातल्या खऱ्या यंत्रांच्या पिढ्या वेगवेगळ्या असल्या, तर आभासी यंत्राला दोन्हीकडे उपलब्ध असलेल्याच सोयी दाखवल्या जातात, म्हणजे हलवल्यावर त्याची गफलत होत नाही. पुढे ७.३ मध्ये गटाची मर्यादा आठवर गेली.

२०१३ च्या ६.३ पासून आवृत्ती बदलणेही सोपे झाले. नवी आवृत्ती आधी तात्पुरत्या, दुसऱ्या पातळीच्या प्रणालीत उभी होते आणि तेथून चालू प्रणालीत आणली जाते. ही रीत ओळखली का? केंब्रिजमधल्या त्या जुन्या युक्तीला आता प्रणाली बसवण्याच्या अधिकृत पद्धतीत जागा मिळाली.

२०१८ च्या ७.१ पासून नव्या सोयीही पीटीएफच्या रूपात येऊ लागल्या आणि नवी आवृत्ती साधारण दर दोन वर्षांनी. दुरुस्ती आणि नवनिर्मिती यांच्यातली रेषा त्यामुळे पुसट झाली आहे.

९. समारोप

या इतिहासाचे सार असे. प्रणाली बसवणे ही एका दिवसाची घटना नसते, ती त्या दिवशी सुरू झालेली नोंदवही असते. मूळ प्रत तशीच राखणे, बदलांचा क्रम लिहिणे, आधी वेगळ्या जागी चालवून पाहणे आणि मागे फिरण्याची वाट मोकळी ठेवणे, या चार सवयींवर व्हीएम पन्नास वर्षे टिकली. त्यांसाठी मेनफ्रेम लागत नाही. आमच्या प्रयोगशाळेत आता सर्व्हरशेजारी एक वही असते. तिच्यात तारीख, बदल, कारण आणि सही असल्याशिवाय कोणी हात लावत नाही, मीसुद्धा.

सोर्सचा प्रश्न मात्र मिटलेला नाही. तुम्ही ज्या क्लाउडवर प्रकल्प चालवता, त्याच्या पायाची दुरुस्ती कोण करते आणि तुम्हाला त्यातले काय दिसते, हे स्वतःला विचारा.

एक चांगली बातमी देऊन थांबतो. व्हीएम/३७० ची सहावी आवृत्ती सोर्ससह सर्वांना मोफत उपलब्ध आहे. हर्क्युलिस नावाच्या मुक्त सॉफ्टवेअरने ती साध्या लॅपटॉपवर चालते. आभासी कार्डांचा गठ्ठा बांधून प्रणालीचा गाभा स्वतः तयार करून पाहा. वाचून जे कळणार नाही ते एका रविवारी कळेल.

स्वाध्याय

१. सोर्सच्या पातळीवरची दुरुस्ती आणि तयार भागांची दुरुस्ती यांतील फरक सांगा. प्रत्येकीचा एक फायदा आणि एक तोटा लिहा.

२. दुसऱ्या पातळीवर यशस्वी झालेली चाचणी प्रत्यक्ष वापरात का फसू शकते? दोन कारणे द्या.

३. चालू आभासी यंत्र हलवताना स्मृतीची काही पाने पुन्हा का पाठवावी लागतात? जे यंत्र आपली स्मृती फार वेगाने बदलते, त्याच्या बाबतीत काय अडचण येईल?

४. तुमच्या महाविद्यालयातील एखाद्या सर्व्हरवर गेल्या वर्षभरात कोणते बदल झाले, त्याची यादी संबंधितांना विचारून तयार करा. यादी पूर्ण करता आली नाही तर का आली नाही, ते लिहा.